साइड-स्क्रोलर अ‍ॅक्शन गेम : गेमपॅड, कीबोर्ड की माउस?

मूळ लेख

बाजूने सरकणारे अ‍ॅक्शन गेम, म्हणजे ज्यांना आपण सगळे साइड-स्क्रोलर म्हणतो ते, नव्याने खेळू लागलेला प्रत्येक जण एक प्रश्न हमखास विचारतो : हे गेम गेमपॅडवर खेळावेत की कीबोर्डवर? त्याला मिळणारे उत्तर बहुतेक वेळा एका ओळीचे असते, ‘उड्या मारायच्या असतील तर गेमपॅडच हवा.’ हे उत्तर मीही अनेकांना दिले आहे. मागच्या दोन महिन्यांत ‘होलो नाइट’ मी आधी कीबोर्डवर आणि मग गेमपॅडवर असा दोनदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळलो, आणि त्यानंतर हे उत्तर अर्धेच बरोबर आहे असे माझे मत झाले. उरलेल्या अर्ध्यामुळे पुष्कळ लोक नको ते साधन हाती घेतात आणि आपल्याला हे गेम जमतच नाहीत अशी समजूत करून घेतात, म्हणून हा धागा काढला आहे.

माझ्या मते साधन निवडण्याआधी त्या गेमला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, हा गेम माझ्याकडून किती दिशा मागतो? दुसरा, एखादे काम करताना माझे कोणते बोट दुसऱ्या कामावरून उचलावे लागते? बाकीच्या गोष्टी, म्हणजे वेग, सवय, किंमत, दिसणे, या सगळ्या त्यानंतरच्या.

आधी दिशांचे पाहू. ‘होलो नाइट’मध्ये तलवारीसारखा तो खिळा वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा चारच बाजूंना चालतो. ‘सेलेस्टे’मध्ये झेप आठ दिशांना घेता येते. ‘कपहेड’मध्ये गोळ्याही आठ दिशांनाच सुटतात. अशा गेममध्ये गेमपॅडची स्टिक, म्हणजे अंगठ्याने कलवायची छोटी दांडी, वापरली, तर स्टिक पूर्ण वर्तुळात कुठेही कलू शकते, पण गेमला मात्र त्या वर्तुळाचे आठ तुकडे करावे लागतात. प्रत्येक तुकडा ४५ अंशांचा धरला तर सरळ उजवीकडे आणि तिरपे वर यांच्यामधली सीमा साडेबावीस अंशांवर येते. अंगठा वीस अंशांवर असेल तर नायक सरळ जातो आणि पंचवीस अंशांवर असेल तर तिरपा उडतो. आपल्या अंगठ्याला हा पाच अंशांचा फरक जाणवत नाही, विशेषतः समोर खड्डा असताना आणि तळहाताला घाम आलेला असताना. कीबोर्डवर ही सीमाच नसते. उजवी कळ दाबली की उजवीकडे, उजवी आणि वरची एकत्र दाबली की तिरपे, मधले काही नाही.

‘होलो नाइट’मधल्या पांढऱ्या महालात हे मला अगदी स्पष्ट दिसले. तिथे काट्यांवरून जाताना हवेत असतानाच खालच्या दिशेने वार करायचा, त्या वाराच्या धक्क्याने पुन्हा वर उसळायचे, आणि हे करत करत उजवीकडे सरकायचे असते. म्हणजे अंगठ्याने स्टिक उजवीकडे ठेवायची, क्षणभर खाली न्यायची आणि परत उजवीकडे आणायची. स्टिकवर माझा अंगठा खाली जाताना पुरेसा खाली जात नसे, वार समोर हवेत फिरत असे आणि मी काट्यांवर पडत असे. कीबोर्डवर उजवा बाण एका बोटाखाली दाबलेला राहतो आणि खालचा बाण दुसऱ्या बोटाने टिचकीसारखा दाबता येतो. तोच टप्पा तिथे मी पुष्कळच कमी प्रयत्नांत पार केला.

आता यावरून कोणी ‘कीबोर्ड श्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढू नये, कारण गेमपॅडमध्ये मुळात दोन वेगवेगळी साधने आहेत. एक स्टिक आणि दुसरा अधिकचिन्हाच्या आकाराचा डी-पॅड. हा डी-पॅड निन्टेंडोचे रचनाकार गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या हातात मावणाऱ्या गेम अँड वॉच यंत्रासाठी आणला, १९८३ मध्ये तो फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती गेम-यंत्राच्या कंट्रोलरवर आला आणि १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ त्याच अंगठ्याखाली घडला. त्यामुळे साइड-स्क्रोलर म्हणजे गेमपॅड, हे म्हणणे खरे असेल तर ते डी-पॅडबद्दल खरे आहे. आजचे बहुतेक नवे खेळाडू मात्र गेमपॅड हातात घेतात तेव्हा त्यांचा अंगठा आपोआप स्टिकवर जातो, कारण कित्येक गेमपॅडवर स्टिकच वरच्या, सोयीच्या जागी बसवलेली असते. दुसरीकडे संगणकावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) आणि ‘कमांडर कीन’ (१९९०) कीबोर्डवर खेळतच एक पिढी या प्रकारात आली, हेही विसरू नये.

माउसचा मुद्दा मात्र वेगळा आहे. चालण्याची दिशा एक आणि नेम धरण्याची दिशा दुसरीच, अशी गेमची रचना असेल तर माझ्या मते माउसला तोड नाही. १९९६ च्या ‘अब्यूज’मध्ये डाव्या हाताने पळायचे आणि उजव्या हातातल्या माउसने पडद्यावर कुठेही नेम धरायचा ही मांडणी होती. २००२ चा ‘सोल्डॅट’ आणि २०११ चा ‘टेरारिया’ याच वाटेने गेले. ‘टेरारिया’ तर नुसता लढण्याचा गेम नाही. त्यात एकेक चौकोन खणायचा आणि एकेक चौकोन बसवायचा असतो, आणि ते काम स्टिकने करणे म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवण्यासारखे आहे. गेमपॅडसाठी त्यात स्मार्ट कर्सरची, म्हणजे जवळचा योग्य चौकोन गेमनेच निवडून देण्याची, सोय आहे, ती उपयोगाचीही आहे, पण अमुकच चौकोन हवा असेल तेव्हा माउसची सर तिला येत नाही.

आणि इथेच दुसरा प्रश्न येतो. गेमपॅडवर उजव्या स्टिकने नेम धरायचा तर उजवा अंगठा उडीच्या बटणावरून उचलावा लागतो. मग उडी मारताना नेम सुटतो आणि नेम धरताना उडी सुटते. ‘सुपर मेट्रॉइड’ने १९९४ मध्ये यावर तोडगा म्हणून तिरपा नेम वरच्या दोन खांदा-बटणांवर दिला, म्हणजे रिकाम्या बसलेल्या तर्जनींना काम दिले. २०२१ च्या ‘मेट्रॉइड ड्रेड’ने डाव्या खांदा-बटणाने जागच्या जागी थांबून डाव्याच स्टिकने कुठेही नेम धरण्याची सोय केली. दोन्ही उपाय हुशारीचे आहेत, पण पहिल्यात दिशा मोजक्याच राहतात आणि दुसऱ्यात पाय थांबवावे लागतात. तुमचे अनुभव वेगळे असतील तर जरूर लिहावेत.

प्रतिसाद १

दिशांचा मुद्दा पटला. पण कीबोर्डवर नवा माणूस का अडखळतो याचे एक कारण आपल्या लेखात राहून गेले आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे आहे. गेमपॅडवर दिशा डाव्या हातात असते आणि उडी, वार, झेप उजव्या हातात. आपण उल्लेख केलेल्या ‘होलो नाइट’ची कीबोर्डवरची मूळ मांडणी पाहा : बाणांच्या कळा उजव्या हाताखाली, आणि झेड, एक्स, सी या कळांवर उडी, वार आणि झेप, म्हणजे डाव्या हाताखाली. ‘सेलेस्टे’तही बाण उजवीकडेच, सी वर उडी, एक्स वर झेप आणि झेड वर पकड. गेमपॅडवर वाढलेला माणूस कीबोर्डवर येतो तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची कामे एकमेकांत बदललेली असतात. तो म्हणतो की कीबोर्ड वाईट आहे. प्रत्यक्षात त्याला आरशात पाहून लिहायला सांगितलेले असते.

मी स्वतः कित्येक महिने याच चुकीच्या समजुतीत होते. मग एके दिवशी सेटिंगमध्ये जाऊन दिशा डब्ल्यू, ए, एस, डी वर आणि उडी, वार, झेप अनुक्रमे जे, के, एल वर नेली. पहिले काही दिवस बोटे सारखी चुकत होती, पण त्यानंतर गेमपॅडवर शिकलेले सगळे कीबोर्डवर जसेच्या तसे उतरले, इतके की मधल्या काळात गेमपॅड बिघडल्यावर मला तो दुरुस्त करून घेण्याचीही घाई वाटली नाही. ज्यांना कीबोर्ड ‘जमत नाही’ त्यांनी आधी हात बदलून पाहावेत आणि मगच निकाल द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद २

मी धागाकर्त्यांशी सहमत नाही. दिशा आणि बोटे यांच्याही आधी येणारी गोष्ट म्हणजे मनगट. कीबोर्डवर दोन-अडीच तास खेळल्यावर माझे डावे मनगट बाहेरच्या बाजूला वळलेले राहते आणि करंगळीच्या बाजूने कोपरापर्यंत कळ जाते. टेबल आणि खुर्ची यांची उंची मी बदलून पाहिली, कीबोर्ड तिरका ठेवून पाहिला, त्याने थोडा फरक पडला पण दुखणे गेले नाही. गेमपॅड मांडीवर ठेवून खेळता येतो, दोन्ही मनगटे सरळ राहतात, खांदे सैल सोडता येतात आणि पाठ खुर्चीला टेकते. अचूकतेत थोडे कमी पडलो तरी चालेल, पण उद्या हात वापरता आला पाहिजे.

गेमपॅडचेही एक दुखणे आहे हे प्रामाणिकपणे सांगतो. अंगठ्याच्या मुळाशी ताण येतो, आणि डी-पॅड कडक असेल तर टोकाची त्वचा हुळहुळी होते. तरी ते मला मनगटापेक्षा परवडते. हा माझ्या शरीराचा हिशेब आहे, प्रत्येकाचा वेगळा असू शकतो, पण साधनाची चर्चा करताना तो हिशेब मांडलाच पाहिजे.

प्रतिसाद ३

कीबोर्डची बाजू घेणाऱ्यांनी आपला कीबोर्ड आधी तपासून घ्यावा. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या ओळींची एक जाळी असते आणि जिथे ओळी छेदतात तिथे कळ असते. तीन कळा जाळीतल्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर पडल्या तर चौथ्या कोपऱ्यावरची कळ न दाबताही दाबल्यासारखी वाटते. यालाच घोस्टिंग म्हणतात. हा घोटाळा टाळण्यासाठी पुष्कळ कीबोर्ड अशा वेळी तिसरी कळ चक्क गाळून टाकतात. म्हणजे तुम्ही उडी दाबता, संगणकाला ती कधी कळतच नाही, आणि तुम्ही स्वतःच्या बोटांना दोष देत राहता.

तपासणी सोपी आहे. लिहिण्याचा कोणताही प्रोग्रॅम उघडा, डावा आणि वरचा बाण एकत्र दाबून धरा आणि मग स्पेस दाबा. अंतर पडले नाही तर तुमच्या कीबोर्डवर डावीकडे तिरपे जाताना स्पेसने उडी मारता येणार नाही. हीच तपासणी तुमच्या गेममध्ये लागणाऱ्या प्रत्येक तीन कळांच्या जोडीवर करा. शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्ट या कळा सहसा या अडचणीतून सुटतात, कारण त्या इतर कळांबरोबरच दाबल्या जाणार हे कीबोर्ड बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेले असते. म्हणून झेप शिफ्टवर ठेवणे हा जुना आणि अजूनही चांगला उपाय आहे. प्रत्येक कळेला स्वतंत्र डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेल्या कीबोर्डमध्ये ही अडचणच येत नाही.

प्रतिसाद ४

मी हौस म्हणून छोटे गेम बनवतो, त्यामुळे पडद्याच्या मागच्या बाजूचे थोडे सांगतो. खेळाडू ज्याला ‘कंट्रोल चांगले आहेत’ म्हणतो त्यात साधनाचा वाटा त्याला वाटतो त्यापेक्षा कमी असतो आणि गेमने दाखवलेल्या समजूतदारपणाचा वाटा जास्त असतो. ‘सेलेस्टे’च्या निर्मात्यांनी नायिकेच्या हालचालीचा कोड सर्वांसाठी खुला केला आहे. त्यात कड्यावरून पाय सुटल्यानंतरही ०.१ सेकंद उडी मारण्याची मुभा ठेवलेली दिसते. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रे) धरल्या तर या सहा फ्रेम झाल्या. आपण कड्याच्या टोकावरून उडी मारली असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा आपण तेव्हा हवेत असतो. जमिनीला पाय टेकण्याच्या किंचित आधी दाबलेली उडीही असे गेम लक्षात ठेवतात आणि पाय टेकताच वापरतात. ही मुभा नसलेला गेम कोणत्याही साधनावर रुक्ष वाटतो.

आता स्टिकबद्दल. धागाकर्त्यांनी साडेबावीस अंशांची सीमा सांगितली ती बरोबर आहे, पण स्टिकच्या मध्यभागी आणखी एक सीमा असते, तिला डेडझोन म्हणतात. स्टिक सोडल्यावर ती नेमकी शून्यावर परत येत नाही, म्हणून मध्याच्या आसपासचे हलणे गेमने दुर्लक्षित करायचे असते. विंडोजवर एक्सइनपुट (गेमपॅड वाचण्याची मायक्रोसॉफ्टची प्रणाली) वापरणाऱ्या गेमसाठी डाव्या स्टिकच्या डेडझोनचा सुचवलेला आकडा ७८४९ आहे, आणि स्टिक पूर्ण ढकलल्यावर येणारा आकडा ३२७६७. म्हणजे सुमारे चोवीस टक्के अंतर स्टिक हलली तरी नायक हलत नाही. डावीकडून उजवीकडे वळायचे असेल तर अंगठ्याला हा पूर्ण पट्टा दोन्ही बाजूंनी ओलांडून जावे लागते. पांढऱ्या महालात वार समोर गेला त्यात या प्रवासाचाही हात असणार. कळेला असा पट्टा ओलांडायचा नसतो.

कीबोर्डच्या बाजूने हा मुद्दा मांडला तसा विरुद्ध बाजूनेही एक मांडतो. डी-पॅडवर डावे आणि उजवे एकाच वेळी दाबता येत नाही, कारण तो एकाच खिळीवर डोलणारा तुकडा असतो. कीबोर्डवर ते सहज होते. घाईत वळताना एक बोट उठण्याआधी दुसरे बसते, आणि त्या क्षणी काय करायचे हे गेम बनवणाऱ्याने ठरवलेले असते. काही गेममध्ये नायक थांबतो, काहींमध्ये शेवटी दाबलेली कळ जिंकते, आणि ज्यांनी विचारच केला नाही त्यांच्यात कायम डावी जिंकते. मी माझ्या पहिल्या गेममध्ये हीच चूक केली होती. कीबोर्डवर खेळणाऱ्या मैत्रिणीने मला सांगितले की उजवीकडे वळताना नायक ‘चिकटतो’, आणि मला ते चार दिवस दिसलेच नाही, कारण मी स्वतः गेमपॅडवर तपासत होतो. तेव्हापासून शेवटची कळ जिंकेल असाच नियम ठेवतो.

प्रतिसाद ५

तार असलेला गेमपॅड वेगवान की कीबोर्ड, यावर फार वेळ घालवू नये असे मला वाटते. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची असते. यूएसबीवरचे साधे साधन सेकंदाला १२५ वेळा तपासले जाते, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. १००० वेळा तपासले जाणारे साधन घेतले तरी वाचणारा वेळ अर्ध्या फ्रेमपेक्षा कमीच असतो. टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड (चित्र दाखवण्यातला उशीर कमी करणारी सेटिंग) चालू करा, तिथे वाचणारा वेळ यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो.

प्रतिसाद ६

माउसबद्दल धागाकर्त्यांनी ‘टेरारिया’चे उदाहरण दिले, पण माउस केवळ नेम धरण्यासाठी असतो असे नाही, आणि या प्रकारातल्या माझ्या सर्वांत आवडत्या आठवणी त्याच्याच आहेत. २००९ च्या ‘ट्राइन’मध्ये जादूगार घ्या, हवेत माउसने चौकोन रेखाटा, त्याची पेटी होते, मग ती उचलून खड्ड्यावर ठेवा. हातात खडू धरल्यासारखे वाटते. २०१९ च्या ‘माय फ्रेंड पेड्रो’मध्ये एका बंदुकीचा नेम एका शत्रूवर अडकवून दुसरी बंदूक दुसऱ्याच दिशेला रोखता येते, आणि तोवर नायक हवेत गिरकी घेत असतो. त्याच वर्षीच्या ‘कटाना झीरो’मध्ये तलवार कर्सरच्या दिशेने जाते. हे तिन्ही गेम गेमपॅडवर खेळता येतात, पण माउस सोडून मी त्यांची कल्पनाच करू शकत नाही.

उलट जे गेम दोन्ही साधनांवर सारखेच चांगले चालतात त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट वारंवार दिसते : नेम धरताना ते वेळ थांबवतात. २०१२ च्या ‘मार्क ऑफ द निंजा’मध्ये नेम धरला की सगळे गोठते. २०१५ च्या ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’मध्ये शत्रूला किंवा त्याच्या गोळ्याला धरून उसळी घ्यायची असते तेव्हाही जग थांबते, एक बाण दिसतो आणि तो फिरवायला अवधी मिळतो. बोट एका कामावरून उचलून दुसऱ्यावर न्यायला लागणारा वेळ गेम स्वतःच देऊन टाकतो. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे हे मला दिसलेले सर्वांत सुंदर उत्तर आहे.

प्रतिसाद ७

बराच वेळ फक्त वाचत होतो, पण ‘कोणते बोट उचलावे लागते’ हे वाक्य वाचून लिहावेसे वाटले. एका अपघातानंतर माझ्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी नीट वाकत नाहीत. डब्ल्यू, ए, एस, डी या मांडणीत ए वर अनामिका असते, म्हणजे डावीकडे जाणे हेच माझ्यासाठी सर्वांत अवघड काम. गेमपॅडवर मला फक्त अंगठा आणि तर्जनी लागतात आणि ती दोन्ही ठणठणीत आहेत. त्यामुळे स्टिक किंवा डी-पॅड मला चालतो, खांदा-बटणे चालतात, गेमपॅडच्या मागे असलेली जास्तीची बटणे मात्र चालत नाहीत, कारण ती नेमकी त्या दोन बोटांखाली येतात.

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला, त्याला बाहेरून हवी ती मोठी बटणे आणि पायाचे पॅडल जोडता येतात. माझ्यासाठी त्याची गरज पडली नाही, पण ज्यांचा एकच हात चालतो त्यांनी त्याचा विचार करावा. आणि जे गेम बनवतात त्यांना, विशेषतः प्रतिसाद ४ लिहिणाऱ्यांना, मनापासून सांगणे आहे : कळा बदलण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. कित्येक छोट्या गेममध्ये गेमपॅडची बटणे बदलता येतात पण कीबोर्डच्या कळा बदलता येत नाहीत, किंवा याच्या उलट. ती सोय नसली की माझ्यासारख्याला तो गेम विकत घेऊनही बाजूला ठेवावा लागतो.

प्रतिसाद ८ (प्रतिसाद ४ लिहिणारा)

प्रतिसाद ७ : आपले म्हणणे मनावर घेतले आहे. माझ्या सध्याच्या गेममध्ये गेमपॅडची बटणे बदलता येतात, कीबोर्डच्या कळा येत नाहीत. पुढच्या आवृत्तीत आधी हेच काम करीन, नवे टप्पे नंतर. दाबून धरण्याच्या कळांसाठी ‘एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद’ असा पर्यायही देण्याचा विचार आहे. आपल्याला त्याचा उपयोग होईल का, हे कळवावे.

प्रतिसाद ९ (प्रतिसाद ७ लिहिणारा)

नक्की होईल. भिंत पकडून ठेवणे आणि धावणे या दोन गोष्टींसाठी सर्वांत जास्त. वाट पाहतो.

प्रतिसाद १० (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले आणि त्यातले जे घरी करून पाहण्यासारखे होते ते करून पाहिले. प्रतिसाद ३ मधली तपासणी केली तेव्हा माझा जुना कीबोर्ड डावा, वरचा आणि स्पेस या जोडीवर नापास झाला. उजवा, खालचा आणि एक्स ही जोडी मात्र व्यवस्थित चालली, आणि पांढऱ्या महालात मला नेमकी तीच लागत होती. म्हणजे कीबोर्डवर मला आलेले यश काही अंशी कळांच्या जागेमुळे होते. तो टप्पा डावीकडे जाणारा असता आणि उडी मी स्पेसवर ठेवली असती, तर कदाचित मी उलटाच लेख लिहिला असता.

मग तोच टप्पा मी तिसऱ्यांदा, या वेळी गेमपॅडच्या डी-पॅडवर खेळलो. वार समोर जाण्याचा प्रकार जवळजवळ थांबला. पण एक नवी गोष्ट लक्षात आली. डी-पॅडवर उजवीकडून खाली जाताना अंगठा न उचलता नुसता कलवावा लागतो, आणि सुरुवातीला मी तो उचलत होतो. उचलल्यावर नायक क्षणभर हवेत थबकतो आणि पुढच्या काट्यापर्यंत पोहोचत नाही. अंगठ्याचे टोक मध्यावर ठेवून फक्त पेर कलवायचे, हे जमल्यावर हालचाल सलग झाली. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ खेळलेल्यांना उजव्या अंगठ्याची अशीच एक युक्ती आठवत असेल : अंगठ्याचे टोक धावण्याच्या बी बटणावर दाबून ठेवायचे आणि त्याच अंगठ्याचा सांधा ए बटणावर टेकवून उडी मारायची. एकच बोट दोन कामे करते आणि कोणत्याही कामावरून उठत नाही. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या साध्या कंट्रोलरवर चाळीस वर्षांपूर्वीच मिळालेले होते, हे मूळ लेख लिहिताना माझ्या ध्यानात आले नव्हते.

प्रतिसाद २ बद्दल : मनगटाचा मुद्दा मी मूळ लेखात ‘बाकीच्या गोष्टी’ म्हणून बाजूला सारला होता, ते चुकले. दिशा आणि बोटे यांचा विचार करायचा तर ती बोटे दुखत नाहीत ना, हे आधी पाहायला हवे. प्रतिसाद ७ वाचल्यावर तर ते अधिकच जाणवले.

माउसबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. चालण्याची आणि नेमाची दिशा वेगळी असेल, आणि गेम वेळ थांबवत नसेल, तर माउस घ्यावा.

प्रतिसाद ११

उत्तम चर्चा. मी ‘सेलेस्टे’ नुकताच घेतला आहे आणि माझ्याकडे गेमपॅडही आहे आणि कीबोर्डही. वरचे सगळे वाचून नेमके काय करावे हे अजून ठरत नाही. कोणी स्पष्ट सांगेल का?

प्रतिसाद १२ (धागाकर्ता)

मनगटाची तक्रार नसेल तर दोन्हीवर पहिला अध्याय खेळून पाहावा, तो छोटा आहे. गेमपॅडवर खेळताना स्टिक न वापरता डी-पॅड वापरावा आणि पकड खांदा-बटणावर ठेवावी, म्हणजे भिंतीला धरून असताना उजवा अंगठा उडी आणि झेप यांच्यासाठी मोकळा राहतो. कीबोर्डवर खेळणार असाल आणि आधी गेमपॅडची सवय असेल, तर प्रतिसाद १ मध्ये सांगितल्याप्रमाणे दिशा डावीकडे आणून उडी जे वर, झेप के वर ठेवावी आणि पकड डाव्या अंगठ्याखाली स्पेसवर द्यावी. त्याआधी ए, डब्ल्यू, स्पेस आणि के या चार कळा एकत्र दाबून चारही उमटतात का ते पाहून घ्यावे, कारण भिंत धरून तिरपी झेप घेताना त्या चारही एकाच वेळी लागतात. मांडणी बदलल्यावर पहिला तासभर बोटे जुन्याच कळांवर जातील. तेवढा वेळ पुढे जाण्याची घाई न करता एखाद्या सोप्या पडद्यावर नुसत्या उड्या आणि झेपा घेत राहावे.